नागपूरहून पायपीट आणि नौकानयन : एक दिवसाच्या आणि शनिवार-रविवारच्या भटकंतीची क्रमवार आखणी

नागपूरच्या आसपास सह्याद्रीचे कडे नाहीत आणि कोकणातल्या खाड्याही नाहीत, त्यामुळे चालण्यासारखे किंवा वल्हवण्यासारखे येथे काही नाही, असा समज खुद्द नागपुरातच रुळलेला आहे. प्रत्यक्षात उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याच्या टेकड्या आणि पेंच नदी, पूर्वेला वैनगंगेचे खोरे आणि भंडारा-गोंदियाचे जुने तलाव, पश्चिमेला काटोल-कोंढाळीकडची सपाट माथ्याची पठारे, असा बराच मोठा मुलूख शहरापासून दोन-अडीच तासांच्या अंतरात आहे. येथील चढ अवघड नसतात. रामटेकचा गड आजीबाईसुद्धा चढतात. अडचण येते ती उन्हामुळे, जंगलाच्या नियमांमुळे आणि वरून शांत दिसणाऱ्या जलाशयांमुळे. त्यामुळे आखणी करताना ‘कोठे जायचे’ हा प्रश्न सर्वांत शेवटी घ्यावा. आधी महिना, मग दिशा, मग परवानगी आणि त्यानंतर ठिकाण, हा क्रम पाळला तर निम्म्या चुका घरीच टळतात.

पहिली पायरी : महिना आणि वेळ

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला खरा हंगाम. पहाटे थंडी असते, दुपारी ऊन सोसण्याजोगे असते, तलाव भरलेले असतात आणि गवत वाळू लागल्याने पायाखालची जमीन दिसते. एक गोष्ट मात्र पुण्या-मुंबईकडून आलेले पाहुणे हमखास विसरतात. नागपूर बरेच पूर्वेला असल्यामुळे येथे सूर्य पुण्याच्या मानाने वीसएक मिनिटे आधी मावळतो. नोव्हेंबरच्या अखेरीस साडेपाचच्या सुमारास दिवस संपतो आणि झाडीत त्याच्याही आधी अंधारते. म्हणून हिवाळ्यात चालणे असो वा वल्हवणे, चार वाजता परतीला लागलेले असावे.

मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचे दिवस दिवसभराच्या सहलीसाठी सोडून द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नागपूरकरांना नवे नाही, आणि उघड्या खडकावर किंवा पाण्याच्या पृष्ठभागावर ऊन खालूनही परतते. अगदीच राहवत नसेल तर पहाटे साडेपाचला चालायला सुरुवात करून साडेआठ-नऊपर्यंत घरी परतता येईल एवढाच पल्ला घ्यावा. त्यासाठी गोरेवाडा किंवा अंबाझरीचा परिसर पुरेसा आहे.

पाऊस साधारण जूनच्या मध्यास येतो. हिरवाई, ओढे आणि ढग यांमुळे जुलै-ऑगस्टचा मोह मोठा असतो. पण व्याघ्र प्रकल्पांचे गाभा क्षेत्र सहसा १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात पर्यटकांसाठी बंद असते, विजा पडतात आणि नद्यांचा भरवसा नसतो. पावसाळ्यात चालावे, वल्हवू नये, असा नियमच ठेवावा. ऑक्टोबर फसवा असतो. आभाळ निवळलेले, हवेत उकाडा, गवत कमरेएवढे, आणि त्याच गवतातून स्क्रब टायफस या तापाच्या आजाराचा धोका. त्याविषयी पुढे सविस्तर येईल.

दुसरी पायरी : दिशा, म्हणजेच पायाखालची माती

नागपूर दोन वेगळ्या भूप्रदेशांच्या सीमेवर वसलेले आहे. शहराच्या पश्चिमेला दख्खनच्या पठाराचा बसाल्ट आहे. पूर्वेला आणि ईशान्येला त्याहून कितीतरी जुने रूपांतरित खडक आहेत, ज्यांत मनसर-रामटेक भागातील मँगनीज सापडते. भूगोलाच्या पुस्तकातील ही माहिती बुटांच्या दृष्टीने फार कामाची आहे. हिंगणा, काटोल, कोंढाळी या बाजूला काळी चिकण माती असते. पाऊस पडून गेला की ती बुटाच्या तळाला थरावर थर चिकटते, दहा पावलांत पाय जड होतो, आणि उतारावर पकड उरत नाही. रामटेकच्या बाजूला गारगोटीचा खडक आणि मुरमाड जमीन असल्याने पाणी लवकर निचरते. सकाळी सर येऊन गेली तरी दुपारी वाट चालण्याजोगी होते. म्हणून पावसाळ्यात ईशान्येला, हिवाळ्यात हवे तिकडे, असा साधा हिशेब ठेवावा.

याच कारणाने पश्चिमेकडच्या टेकड्यांवर सावली कमी आणि माथे मोकळे असतात, तर उत्तरेकडे साग, साजा, धावडा आणि मोह यांची झाडी लागते. लहान मुले किंवा वयस्कर मंडळी बरोबर असतील तर झाडीची दिशा निवडावी.

तिसरी पायरी : परवानगी

सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. पेंच, बोर, उमरेड-पवनी-कऱ्हांडला, नवेगाव-नागझिरा ही सर्व संरक्षित क्षेत्रे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली येतात. तेथे ठरलेल्या प्रवेशद्वारातून, ठरलेल्या वाहनातून आणि मार्गदर्शकासह जाता येते. पायी स्वतःहून शिरता येत नाही. एखादी पायवाट मोबाईलच्या नकाशावर दिसते म्हणून ती आपल्यासाठी खुली आहे असे नाही. ती बहुधा वनरक्षकांच्या गस्तीची किंवा मोह-तेंदू गोळा करणाऱ्या गावकऱ्यांची वाट असते. व्याघ्र प्रकल्पांच्या बफर क्षेत्रात, म्हणजे गाभ्याभोवतालच्या पट्ट्यात, काही ठिकाणी वन विभाग स्वतः निसर्गवाटा चालवतो; त्या दिवशी त्या सुरू आहेत का, हे संबंधित वनपरिक्षेत्र कार्यालयात किंवा प्रवेशद्वारावर विचारून घ्यावे. वन विभागाची ‘हॅलो फॉरेस्ट’ ही १९२६ क्रमांकाची मदतवाहिनी आहे. जखमी प्राणी, वणवा किंवा बेकायदा शिकार दिसली तर तोच क्रमांक लावावा.

राखीव वनाच्या बाहेरच्या टेकड्या, देवस्थाने आणि किल्ले यांना सहसा परवानगी लागत नाही. तरी शेवटच्या गावात थांबून, पाटलांना किंवा चहाच्या टपरीवर ‘आज वर जायचे आहे, रस्ता कसा आहे’ एवढे विचारण्याचा फायदा दुहेरी असतो. दोन दिवसांपूर्वी त्या बाजूला वाघाने जनावर मारले असेल तर ते तेथेच कळते, आणि आपण वर गेलो आहोत हे गावाला ठाऊक राहते.

पाण्याची मालकी आणखी गुंतागुंतीची असते. धरण बहुधा जलसंपदा विभागाचे, मासेमारीचा हक्क मच्छीमार सहकारी संस्थेचा, नौकाविहाराचा ठेका तिसऱ्याचाच, आणि काठ वन विभागाचा किंवा खासगी शेतीचा. स्वतःची कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी, अरुंद नाव) किंवा हवेची नाव घेऊन जायचे असेल तर या सर्वांपैकी निदान दोघांशी बोलणे झालेले असावे. भंडारा-गोंदियातील माजी मालगुजारी तलावांवर, ज्यांना सगळे ‘मामा तलाव’ म्हणतात, ग्रामपंचायत आणि मासेमारी करणाऱ्या ढीवर बांधवांची संस्था यांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये. तेथे शिंगाड्याचे वेल लावलेले असतात, जाळी टाकलेली असतात, आणि आपल्या एका फेरीत त्यांची आठवड्याची मेहनत वाया जाऊ शकते.

चौथी पायरी : ठिकाण

सुरुवात शहरातूनच करावी. नवे बूट, नवी पिशवी किंवा नवा गट पहिल्यांदा बाहेर काढायचा असेल तर सेमिनरी हिल्सच्या उतारांवर सकाळचे दोन तास पुरतात. काटोल मार्गावर, गोरेवाड्याच्या पुढे जुनापाणी येथे लोहयुगीन शिलावर्तुळे आहेत, आणि त्यांना पाहायला शहरातले फार थोडे लोक जातात याचे मला नेहमी नवल वाटते. तीनशेच्या आसपास वर्तुळे माळावर विखुरलेली आहेत. १९व्या शतकात रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांतील काही उकरून पाहिली होती. काळ्या दगडांजवळ बसून पाहिले की काही दगडांवर ओळीने कोरलेले वाटीसारखे छोटे खळगे दिसतात. सकाळचे तिरपे ऊन असेल तेव्हाच ते नीट उठून दिसतात. दुपारी दगड सपाट वाटतो. स्मारक संरक्षित असल्याने दगडांवर चढणे, ते हलवणे किंवा आत चूल पेटवणे टाळावे.

संपूर्ण एका दिवसासाठी रामटेक आणि खिंडसी जलाशय यांना तोड नाही, कारण चालणे आणि वल्हवणे या दोन्ही गोष्टी येथे पाच-सहा किलोमीटरांच्या आत मिळतात. नागपूरपासून सुमारे ५० किलोमीटर, एस.टी. आणि रेल्वे दोन्हींची सोय आहे, पण पहाटे पोहोचायचे तर स्वतःचे वाहन बरे. गडावर वाहनाने जाता येते, तरी अंबाळा तलावाच्या बाजूने पायऱ्यांनी चढावे. तलावाच्या काठचे घाट आणि देवळे मागे टाकून चढ सुरू होतो, आणि सावकाश चालणाऱ्यालाही वर पोहोचायला फारसा वेळ लागत नाही. वर गडमंदिर, वराहाची भव्य मूर्ती, वाकाटक या विदर्भातील प्राचीन राजघराण्याच्या काळातील नृसिंह मंदिरे आणि कालिदास स्मारक एवढे आहे. केवल-नृसिंह मंदिरात वाकाटकांचा शिलालेखही आहे. ‘मेघदूता’तील रामगिरी तो हाच, असे येथे पिढ्यान्‌पिढ्या मानले जाते. माकडे फार धीट असल्याने हातात खाण्याची पिशवी उघडी ठेवू नये, आणि चष्मासुद्धा सांभाळावा.

वेळेचे गणित असे बसवावे. खिंडसीवर भाड्याच्या नावेने किंवा तेथील नौकाविहार केंद्रावरच्या कयाकने जायचे असेल तर केंद्र उघडायला वेळ असतो. त्यामुळे पहाटे साडेपाचला निघून सूर्योदयाला गड गाठावा, खाली येऊन रामटेकच्या बाजारात तर्री पोहे खावेत आणि मग खिंडसीला जावे. स्वतःची कयाक आणि परवानगी असेल तर क्रम उलटा करावा. पाणी सर्वांत शांत असते ते पहाटे. साडेअकरानंतर उघड्या जलाशयावर वारा धरतो आणि परतीचे वल्हवणे दुप्पट जड होते. मग दुपारची विश्रांती, जवळच्या नगरधन किल्ल्याची एक फेरी किंवा मनसरचे उत्खनन पाहणे, आणि उतरत्या उन्हात, चारला परतीला लागता येईल अशा बेताने, गड. नगरधन म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन, आणि आजची तटबंदी नागपूरकर भोसल्यांच्या काळातील, हे ध्यानात ठेवले तर फेरी नुसती भिंती पाहण्याची राहत नाही. रविवारी दुपारी खिंडसीवर जाणे म्हणजे जत्रेत वल्हे मारणे; जमल्यास शनिवार निवडावा. त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास रामटेकला एवढी गर्दी होते की चालण्याच्या हेतूने जाऊच नये.

पारशिवनीच्या बाजूला पेंच नदीकाठी घोगरा महादेव आणि नवेगाव खैरी जलाशयाच्या काठचे कुवारा भिवसेन ही दोन देवस्थाने सोप्या पायपिटीसाठी चांगली आहेत. कुवारा भिवसेन हे गोंड समाजाचे श्रद्धास्थान आहे. पूजा सुरू असताना कॅमेरा बाहेर काढू नये आणि विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्यापुढे कोलितमारा येथे व्याघ्र प्रकल्पाचे प्रवेशद्वार असून पेंचच्या पाण्यावर वन विभागाच्या व्यवस्थेतून नौकाफेरी होते. तेथे स्वतःची नाव चालत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण पेंचवरच्या तोतलाडोह धरणाच्या पाण्यात मगरी आहेत. व्याघ्र प्रकल्पाच्या सिल्लारी प्रवेशद्वाराच्या बाजूला मुक्काम करणाऱ्यांनी रात्री आकाशाकडेही पाहावे. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४च्या जानेवारीत ‘डार्क स्काय पार्क’ (रात्रीचा नैसर्गिक काळोख जपलेले उद्यान) असा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, आणि भारतातील तो पहिला ठरला.

कुहीमार्गे सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवरचे अंभोरा हे वल्हवणाऱ्यांच्या विशेष आवडीचे ठिकाण आहे. येथे वैनगंगा, कन्हान, आम, मुरझा आणि कोलारी यांचा संगम सांगितला जातो. गोसेखुर्द धरणामुळे पाणी पसरून विस्तीर्ण जलाशय झाला आहे. चैतन्येश्वराच्या मंदिराच्या पायऱ्यांवरून सारा पसारा दिसतो, आणि अलीकडे झालेल्या केबलच्या पुलावर दृश्य पाहण्याचे दालनही आहे. पाणी रुंद असल्याने वारा अडवणारे काही नाही. हिवाळ्यात काठाकाठाने, मंदिराच्या टप्प्यात राहूनच फिरावे. पावसाळ्यात धरणातून विसर्ग सुरू असताना अजिबात उतरू नये.

शनिवार-रविवार हाताशी असेल तर पर्याय वाढतात. त्यांतला माझा पहिला कौल नवेगाव बांधला. १८व्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांमधल्या फटी बुजवून बांधलेला हा तलाव आजही पाहणाऱ्याला थक्क करतो. अंतर १३५ किलोमीटरांच्या आसपास. शनिवारी सकाळी निघून दुपारी तलावाच्या पाळीवर चालणे, रविवारी पहाटे पक्षी पाहणे आणि दुपारी परत, असा बेत सुखाचा होतो. हिवाळ्यात स्थलांतरित बदके उतरलेली असतात. नाव असो वा कॅमेरा, थव्याच्या दिशेने सरळ जाऊ नये. एकदा उठवलेला थवा पुन्हा बसायला बराच वेळ आणि बरीच ताकद घालवतो.

उत्तरेला मध्य प्रदेशात छिंदवाड्याच्या अलीकडे देवगडचा किल्ला आहे. नागपूर वसवणाऱ्या बख्त बुलंद शहाच्या गोंड राज्याची ती राजधानी, म्हणजे नागपूरकराने एकदा तरी चढावाच असा गड. चढ मध्यम आहे, वर टाक्या आणि पडक्या वाड्यांचे अवशेष आहेत. पुढे तामिया आणि पातालकोटपर्यंत जायचे असेल तर छिंदवाड्यात मुक्काम करावा. पातालकोटच्या दरीत उतरणे सोपे वाटते, पण चढून वर येणे हाच खरा पल्ला आहे, म्हणून सकाळी लवकर उतरून अकराच्या आत वर यावे. दरीतली भारिया आदिवासींची गावे ही प्रदर्शने नाहीत, माणसांची घरे आहेत.

चिखलदरा, समुद्रसपाटीपासून १११८ मीटर, नागपूरहून २२०-२३० किलोमीटर पडते. दोन दिवसांत बसवायचे तर शुक्रवारी रात्रीच निघावे लागते. जुलै-ऑगस्टमधील रविवारी तेथे धुके आणि वाहनांच्या रांगा याखेरीज फारसे हाती लागत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात गाविलगडाची पूर्ण तटबंदी फिरता येते, आणि दुपारभर पाण्याची सोय नसल्याने प्रत्येकी तीन लिटर पाणी सोबत लागते. पचमढी हा तीन दिवसांचा विषय आहे. विदर्भातून श्रावणाच्या सुमारास, नागपंचमीच्या आधी, हजारो लोक नागद्वाराची यात्रा करतात. ती डोंगरातली पायपीट पावसात आणि गर्दीत होत असल्याने पहिल्याच अनुभवासाठी निवडू नये.

पाचवी पायरी : पाणी, खाणे आणि पिशवी

थंडीत चालताना दर तासाला अर्धा लिटर आणि उन्हात एक लिटर पाणी धरावे. पाण्याबरोबर मीठ जाणे तितकेच गरजेचे आहे, ओ.आर.एस.च्या पुड्या, मीठ-साखर-लिंबू किंवा घरची आंबील यांतले काहीही चालते. ओढ्याचे वाहते पाणीही गाळून-उकळूनच प्यावे. संत्र्यांच्या हंगामात दोन-चार संत्री पिशवीत असली की तहान आणि भूक दोन्ही भागतात, मात्र साली परत आणाव्यात.

विदर्भात सहल म्हटली की रोडगे आणि वांग्याची भाजी हे ठरलेलेच असते. गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजण्याची मजा मला पूर्ण मान्य आहे, पण ती शेतात, मालकाला विचारून आणि पाण्याची बादली शेजारी ठेवून. वनक्षेत्रात चूल पेटवणे गुन्हा आहे, आणि साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनपर्यंत वाळलेल्या पाचोळ्यामुळे एक ठिणगीही वणवा लावते. जंगलाच्या वाटेला पोळी-चटणी, चिवडा आणि उकडलेली अंडी एवढाच डबा ठेवावा.

पिशवीत विजेरी, शिट्टी, लांब बाह्यांचा सदरा, पायाला घोट्यापर्यंतचे बूट, काडेपेटी, पट्टी-निर्जंतुक द्रव आणि एका कागदावर लिहिलेले दूरध्वनी क्रमांक असावेत. पेंचच्या आसपास आणि पातालकोटकडे मोबाईलचे जाळे अधूनमधून जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्यावा.

सहावी पायरी : पाण्यावर उतरण्यापूर्वी

लाइफ जॅकेट घातले एवढ्याने काम होत नाही. ते घालून सर्व पट्टे आवळावेत आणि सोबत्याला खांद्याचे पट्टे धरून वर ओढायला सांगावे. जॅकेट कानापर्यंत वर सरकले तर ते सैल आहे. पाण्यात ते डोक्यावरून निसटेल. पट्टा तुटलेला, आतला फोम दबून पातळ झालेला किंवा मुलासाठी मोठे असलेले जॅकेट नाकारावे, मग नावाड्याने कितीही ‘काही होत नाही’ म्हटले तरी. २०१७च्या जुलैमध्ये बाजारगावजवळच्या वेणा जलाशयात नाव उलटून तरुण मुले बुडाली, हे येथील पालक अजून विसरलेले नाहीत. नावेची ठरलेली आसनसंख्या, प्रत्येकाच्या अंगावर जॅकेट आणि बसून राहणे, या तीन अटींपैकी एकही मोडली जात असेल तर काठावरच थांबावे.

स्वतः वल्हवणाऱ्याने पहिला अर्धा तास काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात घालवावा. कयाक मुद्दाम उलटवून बाहेर पडणे, तिला सरळ करणे आणि सोबत्याच्या आधाराने पुन्हा वर चढणे जमले की मगच पुढे जावे. निघताना वाऱ्याच्या विरुद्ध जावे, म्हणजे थकल्यावर परतीला वारा पाठीशी राहतो. तीनहून कमी जणांनी निघू नये, आणि पोहून काठ गाठता येईल त्यापेक्षा दूर जाऊ नये.

आपल्या जलाशयांत पाण्याखाली बरेच काही दडलेले असते. धरणात बुडालेल्या झाडांचे वाळके खुंट हिवाळ्यात पाणी उतरताना वर येतात. त्याआधी ते पृष्ठभागाखाली वीतभर असतात आणि तेव्हाच अधिक घातक ठरतात. पाण्यावर ओळीने तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे म्हणजे खाली जाळे आहे. त्या ओळीला वळसा घालावा, ओलांडू नये. काठावर बेशरम या झुडपाची दाटी किंवा जलपर्णीचा थर असेल तेथे उतरू नये, पाय अडकतो. समोरून ढिवराचा डोंगा येत असेल तर आपण थांबावे. त्याला वाट आणि पाणी दोन्ही अधिक ठाऊक असते, आणि दोन शब्द बोलले तर खुंट कोठे आहेत तेही तोच सांगतो.

नद्यांबाबत कडक असावे. कन्हानच्या पात्रात वाळू उपशामुळे खोल खड्डे पडलेले आहेत. गुडघाभर पाण्यातून एका पावलात माणूस गळ्यापर्यंत जातो. तोतलाडोहचे दरवाजे उघडले की ते पाणी नवेगाव खैरीत आणि तेथून खाली पेंच-कन्हानमध्ये येते, त्यामुळे नागपुरात ऊन असले तरी पात्रातील पाणी वाढू शकते. पावसाळ्यात धरणाखालच्या पात्रात उतरणे, जेवायला बसणेसुद्धा, टाळावे.

सातवी पायरी : धोके ओळखून ठेवणे

वीज हा पूर्व विदर्भातील सर्वांत दुर्लक्षित धोका आहे. चमक आणि गडगडाट यांत तीस सेकंदांहून कमी अंतर असेल तर पाण्यातून ताबडतोब काठावर यावे, माथ्यावरून खाली उतरावे आणि एकट्या झाडाखाली थांबू नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वाट पाहावी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देते. मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात ते फोनमध्ये असावे.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी सापांचा वावर आपल्याकडे आहे. दंश झाल्यास चिरा देऊ नये, रक्त चोखू नये, दोरी आवळून बांधू नये. दंशाचा अवयव हलू न देता, घड्याळ-अंगठ्या काढून, माणसाला न चालवता वाहनात घालावे आणि सर्पदंशावरील लस असलेल्या जवळच्या शासकीय रुग्णालयात न्यावे. रामटेकच्या बाजूला उपजिल्हा रुग्णालय आहे. गरज पडली तर तेथूनच नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या शासकीय रुग्णालयांत पाठवतात. १०८ वर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलीस मिळतात. किल्ल्यांच्या कपारीत आणि कड्यांवर आग्या मोहळे असतात. उग्र अत्तर, धूर आणि आरडाओरडा टाळावा, आणि माश्या उठल्याच तर चेहरा झाकून, हात न झटकता दूर पळावे.

जंगलालगतच्या वाटेवर अस्वल हे वाघापेक्षा अधिक चिंतेचे कारण आहे, विशेषतः मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पडत असताना पहाटे. मोहाच्या झाडाखाली एकट्याने वाकून काही पाहू नये. गटाने, बोलत चालावे. वाघ दिसलाच तर पाठ फिरवून पळू नये, वाकू नये. त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरावे.

आठवी पायरी : निघताना आणि परतल्यावर

घरी एका माणसाकडे ठिकाण, सोबत्यांची नावे, वाहनाचा क्रमांक आणि परतीची वेळ लिहून ठेवावी, आणि ठरल्या वेळेनंतर दोन तासांत फोन न आल्यास कोणाला कळवायचे तेही सांगून ठेवावे. परतीचा प्रवास अंधार पडण्याआधी संपवावा. जबलपूरकडच्या महामार्गावर पेंचच्या जंगलात वन्यप्राण्यांसाठी पुलांखालून मार्ग काढलेले आहेत, पण आतल्या लहान रस्त्यांवर असे काही नाही, आणि रानडुक्कर किंवा चितळ रात्री कोठून येईल सांगता येत नाही.

घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात टाकावेत, अंघोळ करताना काखा, कंबर, गुडघ्यांमागचा भाग आणि केसांची मुळे तपासून पाहावीत. लाइफ जॅकेट सावलीत वाळवावे. उन्हात त्याचे कापड आणि फोम दोन्ही लवकर निकामी होतात. स्क्रब टायफसची साथ नागपुरात २०१८ मध्ये आली होती. गवतातील बारीक किड्यांच्या चाव्यातून तो होतो, आणि लक्षणे एक-दोन आठवड्यांनी दिसतात, तोवर आपण सहल विसरलेलो असतो. ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात गवतातून चालून आल्यानंतर ताप, तीव्र डोकेदुखी किंवा अंगावर मध्ये काळी खपली असलेला, न दुखणारा व्रण दिसला, तर डॉक्टरांना तापाबरोबरच आपण कोणत्या तारखेला कोठे चाललो होतो हेही सांगावे. वेळेत ओळखला तर हा आजार साध्या प्रतिजैविकाने बरा होतो.